चमच्यातली राणी

बारामतीत काही ना काही जमवत नाही असा माणूस सापडणं कठीण. बहुतेकजण माणसं जमवतात. मग त्या जमवलेल्या माणसांसाठी मंडप, खुर्च्या, गाड्या आणि बुंदी जमवणं ओघानंच आलं. काहीजण सातबारे जमवतात, काही कारखान्याचे शेअर. ज्यांना यातलं काहीच झेपत नाही ते सत्काराच्या शाली जमवतात. या सगळ्या छंदांना समाजात मान आहे. पण इंदापूरला राहणारे माझे साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी चांदीचे जुने चमचे जमवायला घेतले, तेही ज्यांच्यावर एखाद्या इतिहासप्रसिद्ध व्यक्तीचा मुखडा आहे असेच. मग दोन्ही तालुक्यांतल्या नातेवाइकांचे एकमेकांना फोन गेले. "तब्येत बरी आहे ना त्यांची?" "शुगर तपासली का?" एका मेव्हण्यानं तर "चमचे जमवायला एवढा खर्च कशाला, निवडणुकीला उभे राहा, आपोआप जमतील," असा सल्ला दिला. हा विनोद साडूंना त्यानंतर प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक दहाव्याला ऐकावा लागला, म्हणून मी तो इथे एकदाच उरकून टाकतो.

खापर फोडायचंच तर त्यांच्या मुलीच्या नोकरीवर फोडावं लागेल. ती बोस्टनजवळ असते. एका सुट्टीत ती सेलम नावाच्या गावी गेली. त्या गावात १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले आणि १९ जणांना फासावर लटकवलं. आपल्याकडे असं काही झालं असतं तर गावानं चार दिवसांत विषय मिटवला असता आणि फार तर एक शांत केली असती. सेलमकरांनी त्यावर दुकानदारी उभी केली. डॅनियल लो नावाचा तिथला एक सराफ जर्मनीला जाऊन आला. गावाची आठवण म्हणून प्रवाशांना चांदीचे चमचे विकता येतात हे त्यानं तिकडे पाहिलं आणि १८९० च्या सुमारास चक्क चेटकिणीचा चमचा बाजारात आणला. दांड्यावर झाडू घेतलेली चेटकीण, गावाचं नाव आणि तीन टाचण्या. पोरीनं जुन्या वस्तूंच्या दुकानातून तो उचलला आणि प्रेमानं बापाला पाठवला.

आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, पुडकं सोडलं आणि चमचा दोन बोटांत धरून टीपॉयवर ठेवला. "लेकीनं बापाला काय पाठवावं, तर हडळ!"

"अगं, हातात केरसुणी आहे तिच्या," साडू म्हणाले. "लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीलाच हळदकुंकू लावतो ना? मग ही त्यातलीच."

"लक्ष्मी केरसुणीवर बसून उडत नाही," ताई म्हणाल्या, आणि हडळीची रवानगी टीव्हीखालच्या कप्प्यात झाली. स्वयंपाकघरात आणि देवघरात तिला आजतागायत मज्जाव आहे.

साडूंना मात्र नाद लागला. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस उगम शोधल्याशिवाय गप्प बसत नाही. सेलमच्या आधी वॉशिंग्टन शहरातल्या गॉल्ट या जवाहिऱ्यानं १८८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा चमचा काढला होता. त्याच्या अध्यक्ष होण्याला शंभर वर्षं झाली ते निमित्त. पुढे १८९३ मध्ये शिकागोला जगाचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे कोलंबसाचे चमचे खपले, आणि अमेरिकेतल्या घराघरांत भिंतीवर चमचे टांगायच्या लाकडी फळ्या लागल्या. त्याहून जुनं मूळ युरोपात निघालं. तिकडे मुलाच्या बाप्तिस्म्याला दांड्याच्या टोकावर ख्रिस्ताच्या शिष्याची मूर्ती असलेला चमचा द्यायची चाल होती. ऐपत असेल त्यानं बारा शिष्य आणि तेरावा खुद्द ख्रिस्त असा पूर्ण संच द्यायचा. नसेल त्यानं मुलाच्या नावाचा एक संत देऊन हात जोडायचे.

"म्हणजे बारशाचाच चमचा की हा!" साडू फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडले की बारामतीला मला फोनशिवायही ऐकू आलं असतं. मग त्यांनी प्रश्न टाकला: आपल्याकडे बारशाला चांदीची वाटी देतात, चमचा देतात, वाळे देतात, पूर्वी बोंडलं द्यायचे. एवढी चांदी पाळण्याभोवती फिरते, तर तिच्यावर एकही थोर पुरुष का नाही?

माझं यावर मत आहे आणि ते मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. कारण उष्टं. आपल्या महापुरुषांना आपण चौकात बसवतो, नोटांच्या हारात बुडवतो, गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवतो, पण तोंडात घालू शकत नाही. मालोजीराजांचा, म्हणजे शिवरायांच्या आजोबांचा, चमचा कोणी काढलाच, तर तो ताटात उजवीकडे वाढायचा की डावीकडे इथपासून वाद सुरू होतील. जेवण झाल्यावर तो खरकट्या ताटात पडला, तर त्याची बातमी होईल. मोलकरणीनं काथ्यानं घासला तर मोर्चा. अमेरिकन माणसाला त्याच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षानं सूप पिताना काही वाटत नाही, कारण उष्टं-खरकटं हे प्रकरण त्याच्या घटनेत नाही.

दुसरं कारण नाण्यांचं. शिवाजी महाराजांनी होन पाडले, शिवराया पाडल्या, त्यांवर अक्षरं आहेत, चेहरा नाही. पुढे पेशवाईत अंकुशी रुपये आले, चांदवडी आले, त्यांवरही कोणी स्वतःचं तोंड उठवून घेतलं नाही. चांदीवर माणसाचं मुंडकं घरोघर पोचवलं ते कंपनी सरकारनं: १८३५ मध्ये चौथा विल्यम, १८४० पासून व्हिक्टोरिया. विल्यम आला कधी आणि गेला कधी कोणाच्या लक्षात नाही, पण राणी मुक्कामालाच आली. १९०१ मध्ये ती वारली तरी आमच्या घरातून हलली नाही. राणीछाप रुपया म्हणजे लक्ष्मी, हे समीकरण एवढं पक्कं बसलं की आजही आमच्या दोन्ही तालुक्यांत लक्ष्मीपूजनाला डबीतून राणी निघते, पंचामृतानं न्हाते, कपाळावर हळदकुंकू लावून घेते, साळीच्या लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य बघते आणि पुन्हा वर्षभरासाठी कापसात झोपते. नवरा गेल्यापासून हयातभर वैधव्याचे काळे कपडे घालून बसलेल्या त्या बाईला आपल्याला एवढं सवाष्णपण मिळतंय याची कल्पना असती, तर तिनं एखादी फेरी इकडे नक्की मारली असती.

तिच्या वंशजांना हा मान मिळाला नाही. सातवा एडवर्ड रुपयावर मुकुटाशिवाय आला. आमची आत्या त्याला 'बोडका' म्हणायची आणि पूजेत घ्यायची नाही. पंचम जॉर्जचं तर सुरुवातीलाच बिनसलं. १९११ च्या रुपयावर त्याच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड एवढी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर दिसला. हिंदू-मुसलमान दोघांच्याही भावना एकाच नाण्यानं दुखावायचा हा विक्रम असावा. सरकारनं ती नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये सोंड लांब करून नवा साचा पाडला. तो डुकराचा रुपया मिळावा म्हणून नाणी जमवणारे आज जीव टाकतात. साडूंचं मत असं, की सरकारी कामात कोरणाऱ्याची चूक पुढे पिढ्यान् पिढ्या कमाई देते, हे फक्त तिथेच झालं.

तर मुद्दा राणीचा. या मुलखात चांदीवर ऐतिहासिक व्यक्ती शोधायची तर तीच. पण ती चमच्यावर कशी यायची? साडू इंदापूर आणि बारामतीच्या सराफी पेढ्यांवर खेटे घालू लागले. मीही बारामतीत अधूनमधून सोबत जायचो, कारण सराफाकडे दुसऱ्याच्या खर्चानं बसायला मला आवडतं. गादी असते, चहा येतो आणि समोरच्या बाईला पाटल्या पसंत पडतात की नाही याची उत्सुकता फुकटात मिळते.

सराफांना साडूंचा हिशेबच कळेना. आमच्याकडे चांदी भारावर मोजतात. दहा ग्रॅमचा एक भार. वस्तू आली की सराफ ती आधी तळहातावर तोलतो, मग काट्यावर ठेवतो, मग टंच विचारतो. त्यावर काय कोरलंय हा प्रश्न त्याच्या धंद्यात बसत नाही, उलट कोरलेल्या खाचांत बसलेला मळ वजनात धरायचा नाही म्हणून त्याला कोरीव कामाचा रागच असतो. दागिना जुना म्हणून त्याची किंमत वाढते असं कोणी म्हटलं, तर तो घट किती जाईल ते सांगतो. त्यात २०२५ मध्ये चांदीचा किलोचा भाव लाखाच्या वर गेला आणि माळ्यावरच्या ट्रंकांना पाय फुटले. लोक आजीचे करंडे, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, तोरड्या पिशवीत घालून मोडीत घालायला निघाले. पेढीच्या मागच्या खोलीत भट्टी. मुशीत टाकणखार पडला की त्यात करंडा, तोरडी आणि राणी यांचा एकच रस होतो. बाहेर येतो तो एक करडा ठोकळा, ज्याला ना आजी आठवते ना इंग्लंड.

"पैंजणं होत्यात बघा ह्याची," तिथल्या कारागिरानं आम्हाला समजावलं. "हुपरीला जातो हा माल. राणीची पैंजणं एकदम टंचाची." कोल्हापुराकडचं हुपरी हे गाव चांदीच्या कामावर जगतं, पैंजण म्हटलं की नाव तेच. आपली एक महाराणी आपल्या पोरीबाळींच्या पायांत रुणझुणते आहे याचं साडूंना क्षणभर समाधान वाटलं, पण लगेच ते उठून भट्टीच्या आणि पिशवीच्या मध्ये उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत मला कॅनॉलवर पाणीचोर धरणाऱ्या अधिकाऱ्याचं तेज दिसलं.

(आटणीला घाबरावं असा अनुभव राजेरजवाड्यांनाही आहे. इंग्लंडच्या राजाला राज्याभिषेकाचं तेल ज्या चमच्यातून लावतात तो बाराव्या शतकातला. १६४९ मध्ये तिकडच्या लोकांनी राजाचं डोकं उडवलं आणि राजचिन्हं बहुतेक वितळवून टाकली, तेव्हा हा चमचा राजवाड्यातल्याच एका नोकरानं १६ शिलिंग मोजून विकत घेतला आणि राजेशाही परत आल्यावर नव्या राजाला आणून दिला. त्या माणसाचं नाव क्लेमंट किनर्स्ली. साडूंनी या किनर्स्लीचा फोटो मिळतो का म्हणून बरीच चौकशी केली. त्यांना तो भिंतीवर लावायचा होता.)

आणि एके दिवशी मोडीच्या ट्रेमधून खरंच ती निघाली. जुनाट, काळीठिक्कर, मधल्या बोटाएवढी. आधी मला ते कानकोरणं वाटलं. साडूंनी खिशातून रुमाल काढला, सराफाच्या पोराकडून चिमूटभर दंतमंजन मागून घेतलं आणि घासायला लागले. दांडा तारेला पीळ घालून केलेला. वाटीच्या जागी एक अख्खा रुपया ठोकून खोलगट केलेला, आणि त्या खोलगटात, नाक जरा चेपलेली, गाल जरा फुगलेले, मुकुट मात्र जिथल्या तिथे, अशी व्हिक्टोरिया. उलटा करून पाहिला तर पाठीवर वेलबुट्टी आणि मधोमध १८९१. ठोकणाऱ्यानं आतून हातोडी मारताना राणीच्या तोंडावर काहीतरी मऊ धरलं असणार, एरवी इतकंही नाक राहिलं नसतं. साहेबलोकांना मायदेशी नेण्यासाठी असे रुपयाचे चमचे आपल्याकडच्या सोनारांनी भरपूर घडवले. त्यातला एक साहेबाची आगबोट चुकवून इकडेच राहिला असावा.

सराफानं काट्यावर ठेवला. एकट्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबानं बरोबर एक तोळा. पूर्वी वाणी रुपयेच वजनं म्हणून वापरत. आता सराफांचा तोळा दहा ग्रॅमचा झाला आहे, तेव्हा राणीचे सुमारे पावणेदोन ग्रॅम स्वतंत्र भारतात हिशेबाबाहेर गेले म्हणायचे. सराफानं भावाप्रमाणे पैसे सांगितले. साडूंनी न बोलता दिले, शिवाय वर पन्नास रुपये ठेवले. घासाघीस न करता कोणी चांदी नेतो आहे हे पाहून त्या गृहस्थांनी चमचा पुन्हा एकदा उचलून भिंगाखाली धरला. त्यांची झोप उडाली असणार.

त्या चमच्यानं आम्ही इंदापूरला श्रीखंड खाल्लं. हा प्रयोग प्रत्येकानं एकदा करण्यासारखा आहे. पहिला घास घेताना काही दिसत नाही, नुसतं केशर आणि चारोळी. मग हळूहळू मुकुट वर येतो, मग कपाळ, शेवटच्या चाटणीला दोन्ही ओठांतून सबंध राणी बाहेर पडते, तुमच्याकडे न बघता, डावीकडे तोंड करून, रागावल्यासारखी. ताईंनी दुसऱ्या घासाला हातातला चमचा खाली ठेवला. "परक्या बाईचं तोंड तोंडात धरून जेवायचं, हे काय बाई!" साडू मात्र वाटी संपेपर्यंत खात राहिले. पारतंत्र्याचा इतका गोड सूड कोणी उगवला नसेल. आणि सूडच म्हणायचा तर हिशेब फिट्टंफाट होता. कारण त्याच काळात मद्रासेकडे पी. ऑर अँड सन्स वगैरे पेढ्या साहेबासाठी 'स्वामी' नावाची चांदीची भांडी घडवत होत्या, ज्यांवर आपले देव उठावात काढलेले असत. चमच्यांच्या दांड्यांवर चतुर्भुज देव आणि खाली साहेबाचा चहा. पुण्यातही अशी देवादिकांची चांदी घडे. त्यांनी आमच्या विष्णूनं साखर ढवळली, आम्ही त्यांच्या राणीनं श्रीखंड चाटलं.

यानंतर साडूंनी पुण्याला केळकर संग्रहालयाची वारी केली आणि मला सोबत ओढलं. काका केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). घरचा धंदा चष्म्यांचा. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं त्यांनी हा संसार मांडला: दिवे, अडकित्ते, दौती, चुना लावायच्या डब्या, दरवाजे, वाद्यं, अख्खा मस्तानी महाल. १९७५ मध्ये त्यांनी सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. वाड्यावाड्यांत जाऊन कोणाच्या माळ्यावर काय पडलंय ते त्यांनी मागितलं, विकत घेतलं, आर्जवानं मिळवलं. आज जी वस्तू काचेमागे आहे ती त्यांच्यावाचून भट्टीत गेली असती. अडकित्त्यांपुढे तर माणूस पानसुपारी सोडली असली तरी पुन्हा सुरू करील. साडू पूजेच्या पळ्यांपुढे थांबले. दांड्याच्या टोकाला फणा काढलेला नाग, कुठे नंदी, कुठे बाळकृष्ण. हा खरा आपल्याकडचा मूर्तीचा चमचा. आणि साडूंनी मुकाट्यानं माझ्याकडे पाहिलं, कारण पळी ओठाला कधीच लागत नाही. ती तळहातावर पाणी सोडते आणि आचमन तळहातावरून होतं. देव चमच्यावर बसला तो उष्टं होणार नाही एवढं अंतर राखून. माझी उपपत्ती काचेमागे सिद्ध झाली होती. मी त्या दिवशी जेवणाचं बिल त्यांना देऊ दिलं.

खरं तर आपण चेहरे कोरत नसलो तरी भांड्यांना गप्प बसू देत नाही. आमच्या घरातल्या पितळेच्या पातेल्यापासून चांदीच्या फुलपात्रापर्यंत सगळ्यांवर नावं आहेत. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असतो, "नाव काय घालायचं?" मग तो माणूस मशीन सुरू करतो आणि दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आवाज काढत, ठिपक्याठिपक्यांनी, 'यांजकडून सप्रेम भेट', 'यांचे स्मरणार्थ', तारीख, गाव, सगळं घालून देतो. साडूंकडे असा एक चांदीचा चमचा आहे, ज्याच्या पाठीवर तीन निरनिराळ्या बारशांच्या तारखा आहेत; दोन खोडलेल्या. निमगाव केतकीहून निघून तो भवानीनगर, काटेवाडी करत इंदापूरला पोचला असावा असा साडूंचा अंदाज आहे. म्हणजे तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच तो फिरला, फक्त दिशेचा थोडा गोंधळ झाला. दिलेला आहेर डबीसकट पुढे सरकवायचा हा आमच्या भागातला व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या नजरेत अजून आलेला नाही. गाळप हंगामात इकडे चांदी लवकर काळी पडते अशी माझी एक समजूत आहे. मळीच्या वासानं माणसाचा चेहरा जर बदलतो, तर चांदीनं काय करावं? पण ताई म्हणतात, कारखान्याला कशाला बोल लावता, घासायचा कंटाळा हे खरं कारण.

राणी मिळाली, आता आपली माणसं हवीत, असं साडूंच्या मनानं घेतलं. मिळत नाहीत तर घडवू. बारामती–इंदापूर असा थोर व्यक्तींच्या चमच्यांचा संच. त्यासाठी इंदापूरला त्यांच्या ओट्यावर बैठक बोलावली. मी बारामतीकडून, एक निवृत्त प्राध्यापक, त्यांचे वर्गमित्र बागायतदार, नात्यातली एक वकील मुलगी आणि चहा करायला म्हणून आलेल्या, पण सगळ्यांत जास्त बोललेल्या ताई.

पहिले मालोजीराजे, त्यावर वाद नाही. इंदापूरच्या लढाईत ते पडले, गढी तिथेच आहे, आणि इंदापूरच्या घरात बसून त्यांना दुसरा नंबर देण्याची कोणाची छाती नव्हती. बारामतीकडून मी मोरोपंतांचं नाव पुढे केलं. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्म, बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत हयात गेली, १७९४ मध्ये तिथेच देह ठेवला. एकशेआठ रामायणं लिहिली म्हणतात.

"मग एकशेआठ चमचे करायचे का?" बागायतदार दचकून म्हणाले. चांदीचा भाव त्यांनी सकाळीच पाहिला होता.

प्राध्यापकांची अडचण वेगळी. पंतांनी एक निरोष्ठ रामायण रचलंय, ज्यात ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर नाही. "आणि अशा कवीला तुम्ही चमच्यावर बसवणार?" यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी, पंत दांड्यावर बसतील, वाटीत नाही, या अटीवर ते पास झाले.

मग बाबूजी नाईक आले. ते सावकार, तेव्हा चांदीशी त्यांचं नातं सगळ्यांपेक्षा जवळचं. वकील मुलीनं विचारलं, बाई एकही नाही का? तेव्हा भिऊबाईंचं नाव निघालं. बाळाजी विश्वनाथांची लेक, बाजीरावाची बहीण, बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक यांची पत्नी, म्हणजे बारामतीची सून. ताईंनी जोरात मान हलवली. इंदापूरच्या बाजूनं वालचंद हिराचंद मांडले गेले. माळरानावर वालचंदनगर वसवलं, तो माणूस चमच्यावर सुटाबुटात शोभेल. आता बारामती तीन, इंदापूर दोन. साडू लगेच बिथरले. "कालव्याचं पाणी असो की चमचा, आम्ही आपले कायम टेलला." मी समजुतीचा मार्ग म्हणून सुप्याच्या संभाजी मोहित्यांना पुढे केलं, तर गदारोळ. सुपं बारामती तालुक्यात, म्हणजे ती चौथी जागाही बारामतीचीच. शिवाय ते शिवरायांचे सावत्र मामा. शिमग्याचा पोस्त मागायला म्हणून भाचा आला आणि मामांना कैद करून ठाणं घेऊन गेला, असं सभासद आपल्या बखरीत सांगतो. असल्या माणसाचा सत्कार कशापायी, असा बागायतदारांचा सवाल. प्राध्यापक म्हणाले, इतिहास पूर्ण हवा. मोहित्यांचं चित्र कोणी पाहिलं आहे का, यावर मात्र एकमतानं नकार आला. त्यांची जागा रिकामी ठेवून ठराव झाला, आणि हयात नेत्यांचं नाव कोणी काढायच्या आत ताईंनी पोहे आणले.

नमुना म्हणून एकच चमचा करायचा ठरला, मोरोपंतांचा. छापील चित्र कारागिराला दिलं. पातळ पत्र्यावर उठावाचं काम करून त्यानं तो आणून दिला. अंगरखा छान, पगडी तर झकासच. साडूंनी तो शेजाऱ्यांना दाखवला. पहिले म्हणाले, टिळक. दुसरे म्हणाले, नाना फडणवीस, नाकावरून ओळखतो मी. पोस्टमननं बराच विचार केला आणि आपल्या पतसंस्थेच्या संस्थापकांचं नाव घेतलं. पगडी घातली की चांदीत सगळे सारखे दिसतात, एवढं ज्ञान मजुरीत मिळालं.

त्यानंतर पाहुण्यांत एक बारसं निघालं. साडू त्या दिवशी पुण्याला गेले होते. ताईंना आहेराला घाई, कपाटात नव्याकोऱ्या डबीत नवाकोरा चांदीचा चमचा. मोरोपंत भिगवणला गेले.

दिलेला आहेर परत मागायची आमच्यात पद्धत नाही. साडूंनी मध्ये बराच काळ जाऊ दिला, मग एक जड वाटी विकत घेतली आणि, चमच्याची जोडीची वाटी राहिली होती, असं निमित्त काढून मला घेऊन ते भिगवणला गेले. बाळाच्या आजीनं कौतुकानं आत बोलावलं. "टिळकांचा चमचा काय गोड दिलाय हो तुम्ही! दुसऱ्या कशानं जेवतच नाही बघा." बाळ मांडीवर होतं. दात येत होते. पंतांची पगडी त्याच्या तोंडात होती, आणि तोंडातून निघाली की फरशीवर बसत होती, दाणदाण. साडूंनी वाटी पुढे करून, जरा बघू म्हणत, चमचा हातात घेतला. पगडीची एक बाजू आत गेली होती, दुसरी फुगून मानेवर आली होती. नाक उजवीकडे वळलं होतं. एका गालावर दोन दातांच्या खुणा होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर भरघोस मिशा असल्याचा भास होत होता. अंगरख्याखालचा पत्रा दबून छाती पुढे आली होती. आर्या रचणाऱ्या माणसाचं त्यात काहीच उरलं नव्हतं.

साडूंनी तो लांब धरून पाहिला, चष्मा वर करून पाहिला, मग माझ्या कानाशी लागले.

"संभाजी मोहिते म्हणून चालतील का हो हे?"